शालनसाठी खणलेल्या दोन कबरी

शालन,

मंगळवारी सकाळी, मलावीतल्या ज्या शाळेत तू तिसऱ्या वर्षी गणित शिकवत होतीस, त्या शाळेच्या व्हरांड्यात तुझा मृत्यू झाला. पहिला तास संपल्याची घंटा झाली होती. हृदयक्रिया बंद पडली, असं तिथल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. तुझं डस्टर आधीच्या वर्गात राहिलं होतं, ते आणायला एक मुलगी आत गेली. ती परत आली तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस.

ही बातमी मला आधी मिळाली नाही. शाळेकडे घरचा नंबर म्हणून तू आक्काचा दिला होतास. त्यामुळे पहिला फोन निपाणीला, तुझ्या थोरल्या बहिणीला गेला आणि तिचा मला आला.

"पावणं, बसलायसा का उभं हायसा?"

"बसलोय."

"आपली शालन गेली वो."

आमच्याच पेपरात दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या. त्या मी लिहिल्या. निवृत्त शिक्षिका, कुठे शिकवलं, कुठे निधन झालं, मागे कोण. सगळं बरोबर होतं. त्या चार ओळींत एक गोष्ट बसत नव्हती. मी तुझ्याशी लग्न करून जितकी वर्षं जगलो, त्यांतली बहुतेक वर्षं तू ज्यांना मिळायचीस त्यांचा मला हेवा वाटत होता.

त्यात निपाणी पहिली. लग्न झालं तेव्हा तू तिथे मुलींच्या हायस्कुलात होतीस आणि मी बेळगावात पेपरच्या संपादन खात्यात रात्रपाळीला. पुढे बेळगावच्या शाळेत जागा निघाली. तू अर्ज केला नाहीस. "पोरी दहावीला आहेत," म्हणालीस. पोरी दरवर्षी दहावीला असतात, हे गणिताच्या शिक्षिकेला सांगायची गरज नव्हती. सोमवारी पहाटेची बस, शनिवारी दुपारची परत. मधले दिवस आक्काच्या माडीवरच्या खोलीत. शनिवारी बेळगावाअलीकडची काकती मागे पडली की तू पिशवीतून फणी काढून केस सारखे करायचीस. मी स्टँडवर उभा असायचो. तू उतरायचीस ती हसत, आणि ते हसू शुक्रवारी वर्गात घडलेल्या कशाचं तरी असायचं. ते सुरू झालं तेव्हा मी तिथे नव्हतो. मला शेपूट मिळायचं.

तुझ्या पदराला तंबाखूचा वास यायचा. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया वखारीत कामाला, उरलेल्या घरी विड्या वळणाऱ्या. कामाच्या दिवसांत मुली गैरहजर राहायच्या आणि तू मधल्या सुट्टीत वखारीच्या दारात जाऊन उभी राहायचीस. "बाई आल्या गं, पोरीस्नी लपवा," असं बायका आत ओरडायच्या, आणि मग तुलाच चहा द्यायच्या. हे सांगताना तू एकेकीचा आवाज काढायचीस. वखारीचा मुकादम, हेडबाई, आक्का, एसटीचा कंडक्टर, सगळ्यांचे आवाज तुझ्याकडे होते. माझा आवाज तू कधी काढलेला मी ऐकला नव्हता.

आपल्याला मूल झालं नाही. त्याबद्दल आपण एकदा बोललो, दवाखान्यातून परत येताना रिक्षात. पुढच्या शनिवारी तू बसमधून उतरलीस आणि घरी पोचेपर्यंत आठवीतल्या पोरींची नावं सांगत राहिलीस. मी ऐकत होतो. बातमी नीट ऐकायची मला सवय होती.

निवृत्तीनंतर तू बेळगावला आलीस. तुझं सामान आणायला मी टेंपो घेऊन निपाणीला गेलो. आक्का दारात म्हणाली, "न्या आता. लई वरसं हप्त्यानं नेलासा." तेव्हा मला वाटलं, प्रकरण मिटलं. बुधवारी तू घरी कशी असतेस हे मला माहीत नव्हतं, ते कळलं. बुधवारी तू दुपारी झोपत नव्हतीस. गॅलरीत उभी राहून समोरच्या शाळेची मुलं सुटताना बघत होतीस.

मग तो रविवार. पावसाळा सरत आला होता. चर्चमध्ये बायबलचं वचन झालं, दानाची पिशवी फिरली, पाळकांनी सूचना वाचल्या. शेवटची सूचना अशी की मलावीतल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या शाळेला गणिताचे शिक्षक हवेत; राहायला खोली, जेवण, वर्षातून एकदा येण्याजाण्याचं तिकीट, पगार नाही. आपल्या मंडळीत अशी गरज वाचून दाखवली की पाळक विचारतात, यासाठी प्रार्थना करायला कोण उभं राहील. कोणीतरी एक उभं राहतं, प्रार्थना करतं, सगळे आमेन म्हणतात, आणि गरज तिथेच ठेवून लोक घरी जेवायला जातात. त्या दिवशी बायकांच्या बाजूला तू उभी राहिलीस. प्रार्थना चांगली केलीस, लांबवली नाहीस. आमेन झालं आणि तू बसली नाहीस.

पाळकांनी चष्मा काढला. "बाई, आणखी काही?"

"जायला पण मीच उभी आहे," तू म्हणालीस.

घरी येताना मी म्हणालो, "आधी विचारायचं तरी."

"आता विचारते. जाऊ?"

"नको."

"बरं."

वळण मागे पडलं. फाटकाची कडी काढताना तू परत विचारलंस, "अहो, जाऊ का?" मी किल्ली शोधत होतो. "तुझं तू बघ," म्हणालो. ते तू हो म्हणून धरलंस.

त्यानंतर जे भांडण सुरू झालं ते संपलेलं नाही. मी म्हणत होतो, सेवाच करायची तर जांबोटीकडच्या खेड्यांत गणिताला माणूस मिळत नाही, तिकडे जा. मराठी पोरं आहेत, भाषा आपली आहे, समुद्र ओलांडायला नको. तू कपड्यांच्या घड्या घालत होतीस. "जांबोटीला गेले तर दर शनिवारी तुम्ही न्यायला याल," म्हणालीस.

"मग?"

"मग काय. याल."

तू हसत होतीस, म्हणून मी ते टोमणा म्हणून सोडून दिलं. तो टोमणा होता की उत्तर होतं, हे विचारायचं राहिलं.

पहिला फोन आला तेव्हा तुझा आवाज दहा वर्षांनी लहान होता. "अहो, हितं पण तंबाखूच आहे. गाडीत बसले, तर दोन्ही बाजूला तंबाखू. मला वाटलं ड्रायव्हरनं संकेश्वरावरनं निपाणीलाच आणलं का काय." पाठोपाठ रोज संध्याकाळी फोन यायचे. तिथल्या दिवसाची मला तुझ्यामुळे खडान्‌खडा माहिती झाली. सकाळी मैदानात मुलं रांगा करतात आणि पेटीशिवाय चार सुरांत गातात. पहिल्या आठवड्यात तुला गाता आलं नाही, रडू आलं. मग प्रार्थना, मग तास. बाकावर बसायला जागा नसलेली मुलं विटांवर बसतात. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की ऐकू येत नाही, म्हणून तू बोटांनी गणित सांगतेस. दुपारी मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पाला. आक्काने दिलेली शेंगदाण्याची चटणी शिक्षकांनी आठवड्यात संपवली. हातपंपावर रांगेत उभं राहायचं आणि तुला पुढे सोडलं तर रागवायचं. बुधवारी बायकांची प्रार्थना-संगती, रविवारी दुपार उलटेपर्यंत उपासना. तंबाखूच्या काढणीत वर्ग अर्धा व्हायचा आणि तू मळ्याच्या कडेला जाऊन उभी राहायचीस. तिथेही बायकांनी तुला बसायला खुर्ची दिली.

मुलं तुला आगोगो म्हणत. म्हणजे आजी. तू सांगितलंस आणि थांबलीस. मी काही बोलेन म्हणून थांबली असशील. मी विचारलं, पाणी उकळून पितेस ना.

मंडळीच्या वार्षिक अहवालात मी तुझ्या कामाला सेवा म्हटलं. तू फोनवर म्हणालीस, "सेवा लिहू नका. तास घेते असं लिहा." मी बदललं. माझ्या कॉपीत दुसऱ्याने केलेला आणि मला पटलेला तो थोड्यांपैकी एक बदल होता.

एकदा तू फोन वर्गाकडे धरलास. तू त्यांना मराठी पाढे शिकवले होतेस. "इंग्रजी आकड्यांना ठेका नाही," म्हणालीस, "बेचा पाढा कसा धावतो बघा." सगळा वर्ग ओरडत होता, बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. उच्चार स्वच्छ होते. तू मध्ये हसत होतीस. शनिवारी स्टँडवर उतरताना हसायचीस तसं, फक्त या वेळी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मला ऐकू आलं. बे दाही वीस झालं, आणि मी फोन टेबलावर पालथा ठेवला. तू नंतर विचारलंस, कसं वाटलं. मी म्हणालो, आवाज तुटत होता.

मागच्या डिसेंबरात तू आलीस ती कायमची, असं ठरलं होतं. नाताळच्या करंज्या तळताना तुझा फोन टोपलीला टेकवलेला असायचा आणि रोज त्याच वेळी चिकोंडी नावाची मुलगी गणितं घेऊन यायची. एक करंजी सोडायची, एक पायरी सांगायची, असं चालायचं. दोनदा करंज्या जळल्या. माझ्यासाठी तू काही करपवलं असल्याचं मला आठवत नाही.

"तिची परीक्षा तेवढी होऊ दे," तू म्हणालीस. "तेवढ्यापुरती जाते."

"मागच्या वर्षी कोण होतं?"

"मागच्या वर्षी ग्रेस होती."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. झारा द्या इकडे."

त्याच आठवड्यात तू आंघोळीला गेली असताना फोन वाजला आणि मी घेतला. चिकोंडीने इंग्रजीत विचारलं, "तुम्ही आगोगोंचे मिस्टर का? निबंधातलं शेवटचं वाक्य कापतात ते?"

मी विचारलं, हे कोणी सांगितलं.

"आगोगो आमचे निबंध तुमच्या आवाजात वाचतात. असं." आणि घसा खाकरून तिने ते करून दाखवलं. खाकरणं माझं होतं. "मग म्हणतात, हे शेवटचं वाक्य कशाला, आधीच्यात आलं आहे. आम्ही सगळे खूप हसतो."

म्हणजे माझा आवाजही तुझ्याकडे होता. वखारीतल्या बायकांचे आवाज मला ऐकायला मिळाले आणि माझा मलावीतल्या पोरांना. हे तुला सांगायचं होतं. तू केस पुसत बाहेर आलीस तेव्हा मी एवढंच सांगितलं की चिकोंडीचा फोन होता.

आता या आठवड्यातलं लिहितो, कारण ते तुला माहीत नाही.

मंगळवारी आक्काचा फोन ठेवला आणि मी दफनभूमीत गेलो. आपल्याकडे जागा कमी, त्यामुळे नवरा-बायकोला एकच कबर मिळते. आधी जाणाऱ्यासाठी दुप्पट खोल खणतात. मागे राहणारा नंतर वर येतो. तू नेहमी म्हणायचीस, "मी खाली बरी. तुम्हाला वर राहायची सवय आहे." देखरेखीला असलेला आनंद झाडांना पाणी घालत होता. देह आल्याशिवाय कबर खणत नाहीत, हा तिथला नियम मला माहीत होता, त्याला तर होताच.

"साहेब, मयत कवा येणार?"

"येईल."

"कागदं झाली?"

"होतील."

"मग आत्ताच खणू म्हणतायसा?"

"खण. दुहेरी."

मी मंडळीचा जुना सभासद, म्हणून त्याने पुढे विचारलं नाही. मला घाई एकाच गोष्टीची होती. तिकडे कुणी कुदळ उचलायच्या आत इकडे खड्डा तयार हवा होता. निपाणीने तुला आठवड्यातून पाच दिवस घेतलं, त्या शाळेने वर्षातून अकरा महिने. यापुढचा सगळा काळ मला हवा होता. त्यात मला कोणाची भागीदारी नको होती.

आक्का फोनवर म्हणाली, "आणाच तिला. पन निपाणीला आणा. आईआप्पा हितंच हाईत."

"कबर बेळगावात खणून झालीय."

"बेळगावात तिचं कोन हाय?"

"मी आहे."

"तुमी हायसा, व्हय," आक्का म्हणाली.

संध्याकाळी शाळेच्या मुख्याध्यापिकेचा, मिसेस फिरींचा फोन आला. त्यांनी तू कशी गेलीस ते सांगितलं, डस्टर आणायला गेलेली मुलगी चिकोंडी होती हेही सांगितलं. मग म्हणाल्या, मुलांची एक विनंती आहे. तुला तिथेच, शाळेमागच्या चर्चच्या आवारात पुरू द्यावं. त्यांच्याकडे कबर खणणाऱ्यांना नातवंडं म्हणतात. मुलं म्हणतात, आम्ही नातवंडं आहोत, आम्ही खणतो. नवरा म्हणून परवानगी माझी हवी होती.

मी नाही म्हणालो. इथे कबर तयार आहे, असं सांगितलं.

"इतक्यात?" त्या म्हणाल्या.

बुधवारी सकाळी देह आणायच्या कागदांसाठी मी दिल्लीतल्या मलावीच्या वकिलातीला फोन करत होतो, तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला. "मला परत विचारायचं आहे."

"मी काल सांगितलं."

"हो. आगोगोंनी सांगून ठेवलं होतं, ते आधी नाही म्हणतील. थोडं थांबा आणि परत विचारा."

"हे कधी सांगितलं?"

"मागच्या पावसात. मलेरिया झाला होता तेव्हा."

तुला मलेरिया झाल्याचं मला माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी फोन होता, एकाही फोनवर ते आलं नाही. त्या दिवसांत तुझ्या उशाशी कोण बसलं, पाणी कोणी पाजलं, आणि माझ्याबद्दलची ही माहिती तू कोणाच्या हवाली केलीस, हे सगळं मला एका वाक्यात कळलं. मी विचारलं, आणखी काय सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढंच. म्हणाल्या, दुसऱ्यांदा विचारलं की ते बरोबर वागतात."

मी हो म्हणालो. ते मोठ्या मनाने म्हटलं नाही. मला राग आला होता, आणि त्या रागात एक दुसरी गोष्ट होती. इतकी वर्षं शनिवार ते सोमवार एवढाच तुला मी दिसत होतो आणि तेवढ्यात तू मला पुरता ओळखलं होतंस. मी तुला बुधवारीसुद्धा ओळखलं नाही.

दुपारी आनंदला सांगायला गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि आभाळाकडे बघितलं. "खणलेली मोकळी ठेवत न्हाईत, साहेब. एक रात झाली, आज दिवस मावळायच्या आत भरायला पायजे." त्याने पाटी घेतली आणि माझ्यासाठी थांबला, कारण पहिली मूठ घरच्याने टाकायची असते. मी खाली बघितलं. दुहेरी खोली बरीच असते, तळाला माती ओली आणि लाल होती. मी मूठ टाकली. ती कुणाला, हे आनंदने विचारलं नाही. उरलेली माती त्याने एकट्याने लोटली.

गुरुवारी मी निपाणीला आक्काकडे गेलो. तुझ्या माडीवरच्या खोलीत आता आक्काचा नातू अभ्यास करतो. खाली सोप्यात आम्ही फोन डब्याला टेकवून ठेवला. मिसेस फिरी तिकडून दफन दाखवत होत्या, चित्र मधून मधून थांबत होतं. शवपेटी उघडी होती. तुला तुझी शहापुरी साडी नेसवली होती, जांभळी. आदल्या रात्रभर मंडळीतल्या बायका तुझ्याजवळ बसून गात होत्या आणि त्यांनीच ती नेसवली. तुला रोज बघून त्या जेवढं शिकल्या तेवढं.

"निऱ्या उलट्या घातल्यात गं बाई," आक्का म्हणाली. "डाव्या अंगाला." तोपर्यंत ती रडली नव्हती.

मुलं पाळीपाळीने खणत होती, गणवेशात. मुली तिथे खणत नाहीत, असं मिसेस फिरी हळू आवाजात सांगत होत्या. तेवढ्यात एक उंच मुलगी पुढे झाली आणि तिने एका मुलाच्या हातातलं फावडं घेतलं. कोणी अडवलं नाही. आक्काने विचारलं, ही कोण. मी सांगितलं, चिकोंडी. आक्का स्क्रीनजवळ वाकून म्हणाली, "कंबरेत वाक की गं, पाठ धरंल." ते तिला ऐकू गेलं नाही.

तिने खणलेलं मला बघवत नव्हतं आणि मी बघत राहिलो. ती जागा माझी होती, एवढंच मनात येत होतं. ती थकून बाजूला झाली तेव्हा तिने घसा खाकरला. तो आवाज मी ओळखला.

पेटी खाली गेली आणि चित्र थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा मातीचा ढीग झाला होता. लोक उठत होते, मैदानापलीकडे कोणीतरी शाळेची घंटा दिली.

शुक्रवारी सकाळी मिसेस फिरींनी फोटो पाठवला. क्रॉस लाकडाचा आहे, अक्षरं मुलांनी पांढऱ्या रंगाने काढली आहेत. आडव्या फळीवर इंग्रजी अक्षरांत लिहिलं आहे: आगोगो शालन. त्याखाली गावाचं नाव आहे: निपाणी.